लेकीच्या शाळेवर माझी नजर

३ जून
लेकीच्या वर्गशिक्षिकेने बोलावलं. म्हणाल्या, चौथीत आली तरी वाचताना अक्षरं उलटीपालटी होतात. पन्नास मुलांत मी किती पुरणार? कमी मुलांची खासगी शाळा बघा. मला लगेच वास आला. कमिशन असणार! वीस वर्षं विम्याचे क्लेम उगाच नाही तपासत. शाळा मीच निवडणार. पुराव्यानिशी.

७ जून
पहिली शाळा. एसी, चकचकीत फरशी, मूल एकही दिसेना. विचारलं, तर म्हणे वर्गात आहेत. बाद.

१० जून
दुसरी. जुना बंगला, वर्गात बाराच मुलं. मुख्याध्यापिकाबाई मला सोडून लेकीशीच अर्धा तास गप्पा मारत बसल्या. वर म्हणे, जागा शिल्लक आहे. चांगल्या शाळेत जागा शिल्लक राहतेच कशी? मी बावीस प्रश्नांची यादी काढली. पहिला प्रश्न : शाळा सोडून गेलेल्यांचे पत्ते द्या. बाईंनी चहा मागवला. टाळाटाळ!

११ जून
ही म्हणाली, लेक काल पहिल्यांदा शाळेतून हसत बाहेर आली. म्हटलं, पोरांना भुलवणं सोपं असतं. ही म्हणाली, बरं, आणि फॉर्म भरून आली. घरात मला विचारतो कोण!

२४ जून, सकाळी ८.१०
गुप्त पाहणी सुरू. गॉगल, टोपी, फाटकासमोरच्या झेरॉक्स दुकानाचा आडोसा. एक बाई लेकीला झाडाखाली घेऊन वाळूत अक्षरं गिरवून घेत होत्या. चौथीतल्या पोरीला वाळू! निव्वळ वेळकाढूपणा.

९ जुलै
ऑफिसला रोज उशीर. साहेबांना दाढदुखी सांगितली. आज लेक झाडाखाली खो-खो हसत होती. कशाला, ते ऐकू आलं नाही. उद्या जरा पुढे सरकेन.

२९ ऑगस्ट
लेकीने दप्तरातून पालकांसाठीची सूचना काढली. म्हणाली, मीच वाचणार. बोट ठेवून एकेक शब्द : शाळेच्या फाटकासमोर काही दिवसांपासून गॉगल घातलेला एक इसम घुटमळताना दिसतो, पालकांनी सावध राहावे.

‘घुटमळताना’ला अडली. मागे फिरून स्वतःच सोडवला. एकही अक्षर उलटं नाही. हिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

लेकीने विचारलं, बाबा, इसम म्हणजे काय? म्हटलं, माणूस. वाईट माणूस का, म्हणाली.

ही म्हणाली, छे गं. बिनकामाचा.