लाल बाजू, निळी बाजू

रोहा, शनिवार, दिवेलागण

जमलं! माझ्या मीराचं जमलं. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

जिवाणू स्वतःची चरबी कशी बनवतात, यावर तिची पीएच.डी. एक चिमुकलं प्रथिन चरबीची अर्धवट साखळी घेऊन एका एन्झाइमकडून दुसऱ्याकडे जातं, टेकतं न टेकतं तोच सुटतं. म्हणून तिने दोघांमध्ये रसायनाचा हुकासारखा आकडा अडकवून त्यांना पकडलं. त्या जोडीच्या चित्रात प्रथिनाची ऋण भाराची लाल बाजू एन्झाइमच्या धन भाराच्या निळ्या बाजूला अगदी गालाला गाल लावून! पण आकड्यानेच ओढून बसवलं असेल तर? तिच्या सरांची हीच शंका. सिद्ध कर, नाहीतर विषय सोड, म्हणाले होते.

आज फोन आला. "आई, निळी बाजू बदलून पाहिली. साखळी वाढायचीच थांबली!" म्हणजे ती दोघं खरंच तिथेच टेकतात.

लगेच पेणला माझ्या दादाला कळवलं. त्याच्या गणपतीच्या कारखान्यात मीरा लहानपणी तासन्‌तास बसायची. ओली मूर्ती देताना "धरलीस?" "धरली, सोड" झाल्याशिवाय तिथे कुणी हात काढत नाही. दादा म्हणाला, "व्हय गो? मग तिला इथंच पाठव. आमची माणसं हल्ली विचारायच्या आधीच सोडतात!"

मीराने पाठवलेल्या चित्रातली ती लाल बाजू फोनवर कितीदा पाहिली! माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सवयीने देवाचे आभार इंग्रजीतूनच मानले.

मीराला विचारलं, "आता घरी येतेस ना?"

"नाही गं आई, आता पुढचं एन्झाइम."

इतके दिवस बोलावलं की रडवेली होऊन यायची. आज पहिल्यांदा नाही म्हणाली, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी.