संध्याकाळचे सात

महाड, ता. ४ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप दादांस,
कालिंदीचा शि. सा. नमस्कार, वि. वि. इकडे सारे खुशाल; माझे डोके तेवढे ठिकाणावर नाही.

काल व्यायामशाळेच्या दारावर नवे वेळापत्रक लागले. मुलींचा वर्ग सकाळी सातऐवजी संध्याकाळी सात, आणि खाली व्यायाम मंडळाचे अध्यक्ष म्हणून तुमची सही. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी हा वर्ग घेते. आधी नमस्कार, मग पवित्रे, मग लाठी. नव्या मुलीला पहिले तीन महिने नुसते पाय टाकायला शिकवते, लाठी त्यानंतर हाती. आता कुठे मोठ्या मुली जोडीने खेळू लागल्या होत्या.

दिवेलागणीला कोणती आई मुलगी बाहेर पाठवील? भाताच्या गिरणीत कामाला येणारी कापडे गावची रंगूबाई, आवडीची आई, म्हणाली, की सांजच्याला आवडीला नाय धाडायची, चुलीपाशी मग कोण हाय माझ्या? हे तुम्हांला पोलादपुरात बसून कळले नसेल, असे मी मानत नाही. शाळेसाठी तुमची चारू माझ्याकडे राहते, तीही वर्गात आहे. तिला काय सांगू? सही का केलीत ते सरळ लिहा.

वहिनींना नमस्कार. माया कमी करू नका. भांडण मी कमी करणार नाही.
तुमची धाकटी,
कालिंदी

पोलादपूर, ता. ७ डिसेंबर

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.
पत्र पोचले. थोरल्या भावाला लिहायची ही रीत नव्हे.

कारण हवे ना, तर ऐक. गेल्या महिन्यात शिवथरची मंडळी चारूला पाहून गेली. मुलाच्या आईने तिच्या मनगटावरचा वण पाहिला. लाठीचा आहे म्हटल्यावर त्या बाईंचा चेहराच उतरला. हे खेळ आत्ताच सुटले तर बरे, असा निरोप मागाहून आला. शिवाय मंडळातले चौघे केव्हाचे माझ्या मागे लागले होते, की मोठ्या मुलींनी जोड खेळू नये. वर्ग बंद करण्याचा ठराव आला असता तर गावभर बोभाटा होऊन तुझीच शोभा झाली असती. म्हणून मी फक्त वेळ बदलली. कुणाला नाही म्हणावे लागले नाही. वर्ग आपोआप ओस पडेल.

चारूला यातले काही सांगू नकोस. पुढच्या शनिवारी बोलणी पक्की करायला ती मंडळी येत आहेत. तिला दुपारच्या मोटारीने पाठव.

तुझे बरे चिंतणारा,
दत्तोपंत

महाड, ता. १३ डिसेंबर

तीर्थस्वरूप दादांस सा. न. वि. वि.

तुमच्या मनासारखे झाले. सोमवारी कंदील लावून बसले, तर एकटी चारू आली. बुधवारीही तीच. जोडीला कोणी नाही म्हणून मीच तिच्यासमोर उभी राहिले.

माझी शोभा टाळलीत म्हणता. तोंडावर नाही म्हणाला असतात तर मीही तोंडावर उत्तर दिले असते. ती सोय तुम्ही ठेवली नाहीत, याचा मला सगळ्यांत संताप आहे.

चारूला मी सगळे सांगितले. ती रडली नाही. शनिवारी येते आहे. विचारायचे ते तीच विचारील. तिच्यावर हात उगारलात तर माझ्याशी गाठ आहे.

कालिंदी

पोलादपूर, ता. १८ डिसेंबर

चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद.

चारू आली तेव्हा मंडळी ओटीवर बसली होती. तिने गाठोडे ठेवले, सर्वांना वाकून नमस्कार केला आणि आवाज न चढवता मला विचारले, की बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तुमच्याशी भांडले असते, जेवले नसते. संध्याकाळच्या सातशी मी कशी भांडू? मुलाचे वडील सुपारीला हात न लावता उठले. सोयरीक संपली.

मी तिला फार टाकून बोललो. हात उगारला नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सकाळी परसात पवित्रे टाकते, तिची आई शेजारी तांदूळ निवडत बसते, आणि मी बाहेर आलो की दोघी उठून आत जातात.

काल मी मंडळाकडे राजीनामा पाठवला. आता तरी तुझा राग निवावा.

दत्तोपंत

महाड, ता. २० डिसेंबर

तीर्थस्वरूप दादांस सा. न. वि. वि.

राग निवला नाही. राजीनाम्याने मुलींची सकाळ परत येत नाही. तुमची खुर्ची तेवढी त्या चौघांना मिळते. पुन्हा तुम्ही कुणाला काही न म्हणता बाजूला झालात. राजीनामा मागे घ्या.

रविवारी मंडळाची सभा आहे. या, आणि चारूला आणा. सकाळच्या वर्गाचा ठराव तुम्हीच मांडा. मी घरोघर फिरले आहे. रंगूबाई आणि बाकीच्या आया व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर बसणार आहेत. ठराव पडला तर पडू दे. पण मग मागच्या दाराने जाऊ नका. बाहेर या आणि कोण कोण नाही म्हणाले, ते त्या बायकांना उभे राहून सांगा.

जेवायला माझ्याकडेच. वालाचे बिरडे करते आहे. रागावले असले तरी पान तुमचेच पहिले वाढीन.

तुमची,
कालिंदी