गुडघा निर्दोष सुटला

चि. लाफाएले यास सवाई बेटावरून तुझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे मातालेनाचे, पोतंभर आशीर्वाद. (धाकटा भाऊ कितीही मोठा झाला, ऑकलंडात त्याने स्वतःचं घर बांधलं आणि त्या घराच्या छपराला बहिणीने नको म्हणून सांगितलेला हिरवा रंग फासला, तरी तो चिरंजीवच.) तुझी कंबर कशी आहे? सुतारकामाने धरते म्हणतोस, पण मला विचारशील तर ती गादीने धरते. चटईवर झोपत जा. तुझ्या बायकोची रात्रपाळी, तुझं पोट, सासूबाईंचे दात हे सगळं यथास्थित आहे असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला तर तू उचलत नाहीस. छपराच्या भांडणापासून माझं नाव दिसलं की फोन उशीखाली जातो, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. म्हणून हे पत्र. ते पाद्रीबाईंच्या हाती पाठवतेय. त्या संध्याकाळच्या विमानाने लेकीकडे येताहेत आणि तू पत्र पुरतं वाचल्याशिवाय तुझ्या घरातून हलणार नाहीत. त्यांचा आहार तुला ठाऊक आहे, तेव्हा भरभर वाच.

तर आमच्या घरी जे महाभारत झालं ते सांगते. त्याची सुरुवात झाली आव्याच्या बैठकीत. पलीकडच्या गावचे मोठे सरदार तुइलोमा होड्यांच्या शर्यतीचं ठरवायला आपल्या पंचांसह आमच्याकडे आले होते. बैठकीच्या घरात सगळे खांबाखांबाला टेकून, मांडी घालून, मान ताठ करून बसलेले. मुळ्यांची पूड पाण्यात घोळून आवा करायला आमची सिनालेई. (तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती तुझ्या खांद्यावर बसून केळी खात होती. आता बारा वर्षांची आहे, आणि खात्यापित्या घरची आहे, एवढंच सांगते.) केसांत फूल, अंगाला तेल, पुढ्यात लाकडी परात, अशी ती काय देखणी दिसत होती म्हणून सांगू! आणि तुझे दाजी, गावचे वक्ते म्हणून, भाषणाला उभे राहून पूर्वजांच्या तिसऱ्या पिढीपर्यंत पोचतात न पोचतात तोच, आमच्या या शेंडेफळाने डावा पाय सोडला. सरळ. लांब. तळवा थेट तुइलोमांच्या तोंडासमोर!

लाफा, आपल्याकडे पाय पसरायची वेळ आलीच तर म्हातारेकोतारेसुद्धा आधी त्यावर चटई ओढून घेतात. इथे सरदाराला उघडा तळवा! पूर्वज तिथेच थांबले. तुइलोमांनी त्या तळव्याकडे असं पाहिलं की जणू तो त्यांच्याशी बोलायला आला होता. मी मागून डोळे वटारले, खाकरले, शेवटी तिला चिमटा काढला. ती वळून हळूच म्हणाली, “आई गं, गुडघा मोडतोय.” मी म्हटलं, “मोडू दे, पण मांडी मोडू नकोस.” तिने ओठ चावून पाय ओढून घेतला. पण झालं ते झालं. त्या एका पायापायी आम्हाला माफीदाखल डुक्कर द्यावं लागलं, आणि तेही मी ईस्टरसाठी स्वतःच्या हाताने खोबरं घालून पोसलेलं. जाताना ते माझ्याकडे वळून पाहत होतं.

मग घरात खटला उभा राहिला. दाजींचं म्हणणं, पोरगी शेफारली, शाळेत व्हॉलीबॉल खेळताना उड्या मारते आणि प्रार्थनेच्या वेळेसच हिचा गुडघा दुखतो. (हे मात्र खरं होतं. प्रार्थनेच्या वेळेसच मांडी घालावी लागते.) माझं म्हणणं, वाढीचं दुखणं असेल. तिला कुणी फारसं विचारलं नाही, आणि विचारलं तर ती एकच उत्तर देई, गुडघा. तेव्हा व्हाओसाला बोलावलं. तुला ती आठवत असेल, चोळून हाडं बसवणारी, तुझा खांदा बसवताना जिने तुला दोन गावांना ऐकू जाईल असं ओरडायला लावलं होतं. तिने तेल घेतलं, पाला घेतला, आणि आमच्या लेकीचा गुडघा असा काही चोळला की माझ्या घरच्या पितळेच्या मेणबत्तीदाण्यासुद्धा मी कधी इतक्या चोळलेल्या नाहीत. गुडघा चकचकीत झाला. लंगडणं तसंच.

शेवटी इथल्या छोट्या दवाखान्यात नेऊन गुडघ्याचा फोटो काढला. स्वच्छ! भेग नाही, सूज नाही, सगळं जागच्या जागी. झालं, दाजींना पुरावाच मिळाला. त्यांनी तो काळा कागद घराच्या पुढच्या खांबाला टांगला आणि येईल त्या पाहुण्याला उन्हाकडे धरून दाखवायला लागले: “बघा, हाड ठणठणीत आहे, नखरे तेवढे वाढलेत.” पाहुणेही माना डोलवायचे. (कोळ्यांना मासे कळतात, सुतारांना लाकूड कळतं, आणि हाडाचा फोटो मात्र सगळ्यांनाच कळतो.) आमची पोर त्या फोटोखालून लंगडत जायची यायची. संध्याकाळी प्रार्थनेला मांडी घालून बसायची, आणि ‘आमेन’ होईपर्यंत तिचा चेहरा घामाने निथळलेला असायचा. मी म्हणायची, उकाडा आहे. आता ते आठवलं की जेवण जात नाही मला.

एका शनिवारी मी सिमेंटची जमीन धुवत होते. ओल्या पायाने सिनालेई चुलीकडे गेली. मागे पावलं उमटली. उजवं पाऊल सरळ चुलीकडे, आणि डावं सगळं बाहेरच्या बाजूला, डुकरांच्या खुराड्याकडे. मी क्षणभर चक्रावले, की हिच्याबरोबर आणखी कोण गेलं? व्हाओसाला हाक मारून दाखवलं. तिने वाकून दोन्ही पावलांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मातालेना, हा माझा गुडघा नाही गं.” हिला मोठ्या इस्पितळात ने, म्हणाली. व्हाओसाने कुणाला दुसऱ्याकडे धाडलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी पहिल्या बोटीने आम्ही राजधानीला, आपियाला, निघालो. मी, सिनालेई, व्हाओसा (गुडघ्याची आजवरची हकीकत सांगायला) आणि दाजी (आमच्यावर देखरेख करायला), हातात वक्त्याची काठी, खांद्यावर माशा हाकायचा झुपका. मोठ्या इस्पितळात लहान मुलांची हाडं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत, वयाने आपल्या मधल्या बहिणीएवढ्या. दाजींनी खांबावरचा फोटो त्यांच्यापुढे धरला आणि सुरुवात केली. बाईंनी तो पाहिला, छान म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. सिनालेईला आडवं करून त्यांनी तिचा गुडघा पोटाकडे दुमडला. तो सरळ वर यायला हवा, तर मांडी आपोआप बाहेरच पडत गेली. बाई लगेच म्हणाल्या, “दुखतं गुडघ्यात, पण बिघाड आहे वर, खुब्यात. या वयात असं होतं. गुडघा उगाच बदनाम होतो.” म्हणजे आमचं काय चाललं होतं, तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

मग फोटोची खोली. एकाला आत सोडतात, आम्ही चौघं गेलो. तिथली पोरगी आपल्याकडचीच, समुद्रातले पलोलो किडे खाऊन वाढलेली, तिला बिचारीला वडीलधाऱ्यांना ‘बाहेर व्हा’ म्हणवेना. तिने मला शिशाचा झगा चढवला. (काय तो भारदस्त झगा, लाफा! लग्नातल्या उंची चटया नेसल्यावरही इतकं मोठं माणूस झाल्यासारखं वाटलं नव्हतं. काढायला सांगितलं तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं.) सिनालेईला टेबलावर निजवून म्हणाली, आधी सरळ एक, मग बेडूक व्हायचं. तळव्याला तळवा, गुडघे बाहेर, जमेल तेवढेच. मी तिच्यावर लुंगी नीट पांघरली. आणि ती पोरगी यंत्राकडे वळणार, एवढ्यात दाजींनी काठी टेकली. मोठं काम सुरू होण्याआधी वक्त्याने बोलायचं असतं ना! त्यांनी यंत्राला मान दिला, यंत्राच्या घराण्याला मान दिला, विजेला दिला, बोट चालवणाऱ्या खलाशांना दिला. वक्त्याला मध्येच तोडता येत नाही, आणि ती पोरगी चांगल्या घरची निघाली, तिने रीतसर उत्तराचं भाषण केलं. बाहेर रांग वाढतेय. टेबलावरून आमचा बेडूक म्हणाला, “बाबा, मला थंडी वाजतेय.” तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं.

मी विचारलं, दुखतो एक, मग फोटोत दोन्ही खुबे कशाला? तर ती यंत्रावरची पोरगी म्हणाली, चांगला शेजारी दिसला की वाईट कळतो. खरंच कळला. सरळ फोटोत मला काही दिसलं नाही, पण बेडकाच्या फोटोत उजवीकडे हाडाच्या दांड्यावर गोळा नीट बसलेला, आणि डावीकडे तोच गोळा मागे घसरलेला, पातेल्यावरचं झाकण कलतं ना, तसा. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला मात्र, त्यांचा आवाजच बदलला. या क्षणापासून पाय जमिनीला लावायचा नाही म्हणाल्या. एक पाऊलसुद्धा नाही. आज झाकण कललंय, चालत राहिली, पळाली, पडली, तर एखाद दिवशी पुरतं निसटेल. मग गोळ्याचं रक्त बंद होतं, हाड मरतं, आणि पोर जन्मभर लंगडते.

लाफा, मी घाबरले. मी घाबरत नाही हे तुला माहीत आहे, वादळात मी छपराला दोर बांधलेत. पण त्या खोलीत मला एवढंच दिसत होतं, की बोटीच्या फळीवरून ती उडी मारून उतरली होती, आणि मीच तिला म्हटलं होतं, “चल, पाय उचल!” शिशाचा झगा मी कुणी न सांगता उतरवला. दाजींनी काठी व्हाओसाच्या हातात दिली, झुपका माझ्या हातात दिला, आणि लेकीला उचललं. ज्या माणसाने लग्नापासून काठीहून जड काही उचललेलं नाही, तो तिला छातीशी धरून सगळा व्हरांडा चालत गेला. मध्ये खुर्चीगाडी घेऊन माणूस आला, त्याला नको म्हणाले. सिनालेई त्यांच्या कानात म्हणाली, “बाबा, मी खोटं बोलत नव्हते.” ते म्हणाले, “ठाऊक आहे, माझे आई.” मग भिंतीला टेकून रडले. दम लागला म्हणून, असं ते सांगतात.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. एक लांब स्क्रू, दांड्यातून थेट गोळ्यात, झाकण आहे तिथेच घट्ट. (तुझ्या धंद्यातलंच काम. फोटोत तो स्क्रू इतका सरळ दिसतो की तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्या आठवून मला वाईट वाटलं.) पोर सुखरूप आहे, कुबड्यांवर आहे, दुसऱ्या खुब्यावर डोळा ठेवायला अधूनमधून पुन्हा बेडूक करायचा आहे. गावात आता तिचा थाट काय विचारतोस! प्रार्थनेला खुर्चीत बसते, पाय लांब करून, सगळ्यांच्या देखत. तुइलोमांना बातमी कळली तशी त्यांची फार पंचाईत झाली, कारण आजारी पायाबद्दल घेतलेलं डुक्कर ते खाऊन बसले होते. ते आमच्या डुकराच्या दुप्पट मोठं डुक्कर घेऊन माफी मागायला आले. ते तसंच ठेवून घेणं दाजींना कमीपणाचं वाटतं, परत करावं तर तुइलोमांचा अपमान. तेव्हा आम्ही आणखी एक घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. हे असंच चाललं तर दोन्ही गावं डुकरांपायी भिकेला लागतील.

बाकी क्षेम. मुलांना माझे पापे, सासूबाईंना नमस्कार, पाद्रीबाईंना आणखी वाढ.

तुझी ताई,
मातालेना

ता. क. — सोबत कोको पाठवलाय. अर्धा तुझा, अर्धा सासूबाईंचा. ‘सगळा माझाच’ असं म्हणू नकोस, पाद्रीबाईंना वाटणी माहीत आहे.

ता. क. दुसरा — व्हाओसा हल्ली गावभर सांगते की खुब्याचं तिला पहिल्यापासून कळलं होतं. विश्वास ठेवू नकोस. पहिल्यापासून मला कळलं होतं. (मग तिला चिमटा कोणी काढला, असं सिनालेई शेजारून विचारतेय. तिची औषधाची वेळ झाली.)

ता. क. तिसरा — आणि लाफा, पत्र लिहिलं ते याच्यासाठी. पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर ‘आली ताई हुकूम सोडायला’ म्हणून तू ते कचऱ्यात टाकलं असतंस. पाद्रीबाईंच्या लेकीने आईला फोनवर सांगितलं, की तुझा इओसेफो केव्हापासून गुडघा दुखतो म्हणतोय, गुडघ्याचा फोटो स्वच्छ आला, आणि पोरगा रग्बी चुकवतोय म्हणून तू त्याला रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लावतोस. हे मला काल दुपारी कळलं. तेव्हापासून तुला आणि तुझ्या बायकोला फोन लावतेय. भावाने बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी आपली रीत आहे. मी ती आजवर नाही नाही त्या गोष्टींसाठी वापरली, आता ती सगळी या एका शब्दावर लावते. फेऱ्या बंद. आत्ता ऊठ, पाद्रीबाईंना जेवू दे. दवाखान्यात जाऊन सांग, खुब्याचा फोटो हवा, दोन्ही खुब्यांचा, सरळ आणि बेडूक. गाडीपर्यंतसुद्धा त्याला चालवू नकोस. तेरा वर्षांचा धिप्पाड पोरगा आहे, लाजेल, नाही म्हणेल. तरी उचलून ने.