चोवीस बंद पाकिटं

कोलंबस, अमेरिका, १० ऑगस्ट

ती. अनुसयाताईस,
प्रज्वलचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या मित्राचे वडील मारोतराव नागपूरला परत निघाले आहेत. त्यांच्या हाती एक डबा पाठवतोय. आत बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांची चोवीस पाकिटं आहेत. याच उन्हाळ्यात निघाली, पण धाटणी शंभर वर्षांपूर्वीची: हाताने रंगवल्यासारखी चित्रं, खरबरीत जाड पुठ्ठा. कोणतं कार्ड निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. माझं नेमकं तिथंच बिघडलं आहे, ताई. एक फोडलं की दुसरं हवं असतं.

मार्चमध्ये वेदिकाला कपाटभर कार्डं सापडली, तेव्हा मी मयुरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मोबाइलवरूनच मागवायचो, म्हणून तोही वेदिकाला दिला. पुन्हा खोटं बोललास तर पोरीला घेऊन अमरावतीला माहेरी जाईन, असं तिनं सांगून ठेवलंय. आणि मी हा डबा दुकानातून आणला. टाकून द्यायला दोनदा गेलो, दोनदा परत घेऊन आलो.

तू कुलपात ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.
तुझा प्रज्वल

गोळीबार चौक, नागपूर, ४ सप्टेंबर

चि. प्रज्वल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा पोचला. तुझं पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. लहानपणी फुटाण्यांच्या पुडीतही मोठा दाणा शोधत बसायचास, तेव्हाच कान पिळायला हवा होता.

एक चूक झाली, लपवत नाही. आपल्याकडे घरात आलेली नवी वस्तू आधी देवापुढं जाते, तसा आईने डबा महालक्ष्म्यांपुढं ठेवायला लावला. मला म्हणाली, बंद डब्बा काहून ठेवून राहिली वं, देवीले काय दिसन त्यात? सणाच्या दिवशी वाद नको म्हणून एक पाकीट फोडलं. आठ मिशाळ पुरुष टोप्या घालून, हळदीकुंकू लावून महालक्ष्म्यांसमोर बसले. आईला ते बॅण्डवाले वाटले. मलाही उगाच वाटून गेलं, आत आणखी कोण असतील. तेवढंच.

तेवीस कपाटात आहेत. वेदिकाला सांग रे, बाबा. दुसऱ्याकडून कळलं तर संसार राहणार नाही.

जिवाला जप, पत्राला उशीर नको.
तुझी ताई

कोलंबस, २१ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं पत्र मी घाबरून लिहिलं होतं, ते मनावर घेऊ नकोस. आता मी अगदी ठीक आहे. इथं एकाला तशीच पाकिटं हवी आहेत, त्याला शब्द दिलाय. तेवीसच्या तेवीस कुरिअरने लगेच पाठव. पत्ता ऑफिसचाच घाल. वेदिकाला काही कळवू नकोस, ती आधीच फार विचार करते.

एवढं ऐक, मग काही मागणार नाही.
तुझा प्रज्वल

नागपूर, ९ ऑक्टोबर

चि. प्रज्वल यास,
अ. उ. आ.

डबा पाठवत नाही. मी खंबीर आहे म्हणून नव्हे. आत बंद असं काही उरलेलंच नाही.

दमट झाली का बघावं म्हणून एक फोडलं. मग अजून एक. मला त्यातलं एक नाव ओळखीचं नाही, तरी फोडताना छाती धडधडायची. फोडून झालं की काहीच नसायचं. तव्यावर पोळी करपली, आई हाका मारत राहिली, आणि मी दार लावून बसलेली! शेवटचं संपलं तेव्हा मारोतरावांना फोन करून विचारलं, तुमच्या मुलाला आणखी एक डबा पाठवता येईल का. ते हसले, ताई, तुमाले बी नाद लागला का वो, म्हणाले. तुला नावं ठेवताना ही जीभ किती चालली होती, याची लाज वाटली रे.

आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल. ती म्हणाली, मले सांगतलं ना, मंग आता एकटी नाही तू.

आता तुझी पाळी. हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आहे. याचीच नक्कल आठ दिवसांनी मी वेदिकाच्या नावे घरी टाकणार आहे. तिच्याशी खोटं बोलण्यात मी तुझी भागीदार होणार नाही. तुला आठ दिवस आहेत. तू मला कायमचा तोडशील, ही भीती बाळगूनच लिहिते आहे.

तोडलंस तरी आशीर्वाद राहतीलच.
तुझी ताई

कोलंबस, ५ नोव्हेंबर

ती. अनुसयाताईंना,
वेदिकाचा सा. नमस्कार.

मागच्या रविवारी प्रज्वलने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. अर्ध्यावर त्याने कागद माझ्याकडे दिला, पुढचं मी वाचलं. मग त्याने स्वतः होऊन गाडीच्या डिकीतून आणखी दोन डबे आणले. ते तुम्हालाही ठाऊक नव्हते.

माझ्या नावाचं पत्र काल आलं. ते न उघडता त्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ रडला.

अमरावतीचं तिकीट मी तुमच्या पत्राआधीच काढलं होतं. ते रद्द केलेलं नाही, ताई. एक महिना पुढं ढकललं आहे.

आईंना नमस्कार. आम्हा दोघांना सांभाळून घ्या.
तुमची वेदिका