दोन बाइटचा हुकूम

३ मार्च, मंगळवार

पंप आला. खोक्याला पोलिसांचं सील, आणि खोकं माझ्या टेबलावर. आमच्याच कंपनीचा — शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा, जुनं मॉडेल. गेल्या आठवड्यात एका इस्पितळात त्याने तासाभराचं औषध सहा मिनिटांत सोडलं. बाई बासष्ट वर्षांच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. गेल्या.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, चौकशी समिती नेमली आहे, तांत्रिक अहवाल तू करायचास. मीच का? तर या पंपाची मुळातली प्रणाली ज्यांनी लिहिली, त्यांच्यातली कंपनीत मी एकटीच उरले.

४ मार्च, बुधवार

यंत्रातल्या नोंदी काढल्या.

दुपारी ३.१७ — आकडा मर्यादेबाहेर. तपासणी नापास. पुढे चालू.

खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. चौदा वेळा.

म्हणजे यंत्राला कळलं होतं! चौदा वेळा कळलं होतं. जेवणाचा डबा न उघडताच घरी परत आणला.

६ मार्च, शुक्रवार

सापडलं. साध्या शब्दांत लिहून बघते — समितीत दोन डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांना हेच समजावायचंय.

प्रणालीत जागोजागी तपासण्या आहेत. हा आकडा मर्यादेत आहे ना? नसेल तर प्रोसेसरला एक इन्स्ट्रक्शन मिळते, म्हणजे हुकूम — थांब. पण ‘थांब’ म्हणायला हुकूम दोन आहेत. पहिला एका बाइटचा. तो मुळात चुका शोधणाऱ्यांसाठी केलेला — जरा थांब, मला बघू दे, मग पुढच्या ओळीवर जा. दुसरा दोन बाइटचा. त्याला अर्थच नाही. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम निरर्थक ठेवलाय, कायमचा. तो आला की प्रोसेसर अडतो. परत पाठवला तरी त्याच ओळीवर येतो आणि पुन्हा अडतो. पुढे वाटच नाही.

आमच्या पंपात पहिला आहे. एरवी त्यानेही पंप बंदच पडतो. पण महिन्यापूर्वी येऊन गेलेल्या मेकॅनिककडून सर्व्हिस मोड, म्हणजे दुरुस्तीपुरती ठेवलेली अवस्था, चालू राहिला. त्या मोडमध्ये ‘थांब’ म्हणजे — नोंद कर आणि पुढे हो. रखवालदाराने चोराचं नाव लिहून घ्यावं आणि स्वतःच दार उघडून द्यावं, त्यातली गत.

दोष मेकॅनिकचा? आहे. पण दाराला अशी कडी बसवली कुणी?

८ मार्च, रविवार

मास्तरांकडे गेले. ही सगळी प्रणाली त्यांच्या हाताखाली तयार झाली. मी तेव्हा नुकती लागले होते. आमच्या कागदांवर लाल पेन्सिल चालवायचे म्हणून मास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. काकूंनी दार उघडलं, वाट चुकलीस का म्हणाल्या.

नोंदींचा कागद मास्तरांनी दोनदा वाचला. चष्मा काढला.  मी विचारलं, एका बाइटचा हुकूम घ्यायचा हे कुणी ठरवलं होतं? नऊ वर्षांमागचं काही आमच्या संगणकावर नाही, त्याआधीचं सगळं कागदांवर होतं.

“मीच. आणखी कोण?”

का, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. चौदाशे तपासण्या, प्रत्येकीला एक बाइट जास्त, आणि मेमरीत शिल्लक होते जेमतेम नऊशे. कागद आहेत का विचारलं, तर रद्दीत गेले म्हणाले. जिना उतरायच्या आधी मला थांबवलं.

“अहवालात माझं नाव घाल. कचरू नकोस.”

रडू आलं नाही. यायला हवं होतं.

१० मार्च, मंगळवार

समितीची पहिली बैठक. बाहेरच्या बाकावर त्या बाईंची मुलगी बसली होती. माझ्याच वयाची असेल. मांडीवर आईची पर्स. मी कोण हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. उठून जवळ आली.

“यंत्राला कळलं होतं का?”

कंपनीच्या वकिलाने माझं कोपर धरलं. मी सांगितलं, “हो. चौदा वेळा.”

तिने मान हलवली आणि परत जाऊन बसली.  गाडीत मला आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. खरं बोलण्याची म्हणून एक ऐट असते, ती चढली होती थोडी.

१३ मार्च, शुक्रवार

साहेबांचं म्हणणं, मेकॅनिकना ताकीद देऊ, विषय मिटला. मी म्हटलं, माणूस विसरणारच, हे धरूनच हुकूम निवडायला हवा. दोन बाइटचा घालू. आता मेमरीची काय कमी आहे?

पण समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला जमिनीवर आणलं. काही रोग्यांचं हृदय त्या थेंबांवरच चालतं. थांबलेला पंपही माणूस मारतो. बरोबर आहे त्यांचं. नुसतं अडून भागणार नाही.

मग ठरवलं — हुकूम निरर्थकच, पुढे वाट नाही. शेजारी एक वेगळी शिट्टी, तिची बॅटरी वेगळी, प्रोसेसरशी तिचा संबंध नाही. प्रोसेसरची चाहूल थांबली की ती वाजणार. अडायचं यंत्राने, ओरडायचं शिट्टीने, धावायचं माणसाने.

१७ मार्च, मंगळवार

चाचणी घेतली. चुकीचा आकडा मुद्दाम दिला. सर्व्हिस मोड चालू ठेवून! पंप जागच्या जागी थांबला, शिट्टी अशी वाजली की खालच्या मजल्यावरची कँटीनवाली झारा घेऊन वर आली. कितीतरी दिवसांनी सगळे हसले. मीही.

१९ मार्च, गुरुवार

अहवाल दिला. चौथ्या पानावर ‘मूळ निवड कोणाची’ असा रकाना आहे. मास्तरांचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, खरं तेच लिहिलंस ना? मग झालं. झालंच म्हणायचं.

२३ मार्च, सोमवार

समितीने मास्तरांना बोलावलं आहे. वर्तमानपत्रात नाव आलं. माझा फोन उचलत नाहीत.

२५ मार्च, बुधवार

काकू ऑफिसात आल्या. फाटकाजवळच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मी पाणी मागवलं, ते त्यांनी घेतलं नाही.

“हे म्हणाले, रद्दीत घाल. मी नाही घातले. शेजारीपाजारी दारात उभं राहून विचारतात गं. ह्यांना बोलायचं नसेल तर न बोलोत.”

पिशवीतून निघाला सतरा वर्षांपूर्वीचा कागद. लाल पेन्सिलीत मास्तरांचं अक्षर — ‘एका बाइटचा धोक्याचा वाटतो. दोनचा घे, जागा मी काढून देतो. पण भाग तुझा आहे, निर्णय तुझा.’ त्याच्याखाली निळ्या शाईत — ‘गरज नाही. सर्व्हिस मोड चालू कोण ठेवणार? एकच पुरे.’

सही माहेरच्या आडनावाची. माझी.

आठवत नाही. खरंच आठवत नाही. चौथं पान नव्याने लिहिलं. समिती उद्या अकराला बसते.