व्हर्जन मोकळं ठेवलं

२ फेब्रुवारी
मी बनवलेलं रक्तदात्यांचं ॲप आज सुरू. मोईनच्या मोबाइलच्या दुकानात पेढे वाटले. कोणाला रक्त लागलं की मोईन गट निवडणार, बटण दाबणार, त्या गटाच्या सगळ्यांना मेसेज. आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात असं पहिल्यांदाच. एकेकाला फोन करत बसायची त्याची जुनी पद्धत बंद करायला लावली. किती दिवस मागास राहायचं?

५ फेब्रुवारी, सकाळ
राधिकाचा फोन. मावसबहीण. पुण्यात ॲप बनवायचंच काम करते, म्हणून मला शिकवते. मेसेज पाठवायचं पॅकेज, म्हणजे तयार कोड, मी दुसऱ्यांचं घेतलंय, त्याचं व्हर्जन बांधून ठेव म्हणे. "चारच्या वर, पन पाचच्या आत, असं लिहून ठेव ना धीरजदादा. नाही तं उद्या पाच आलं की आपोआप तेच बसन." बसू दे की! पाच हे चारपेक्षा चांगलंच असणार. मी नुसतं पॅकेजचं नाव लिहिलंय, पुढे काही नाही. बंधनं भित्र्यांसाठी.

१७ फेब्रुवारी
रिठदच्या एका म्हाताऱ्याला वेळेवर रक्त मिळालं. मोईन खूश. संकल्प: रविवारी ते व्हर्जनचं बघून टाकायचं. राधिकाच्या समाधानासाठी.

२३ फेब्रुवारी
रविवार. मॅच होती.

९ मार्च
सर्व्हर रडत होता, नव्याने बसवला. सगळी पॅकेजेस ताजी उतरली. एकही एरर नाही. एरर नाही म्हटल्यावर टेस्ट कशाची करायची?

१२ मार्च, दुपार
जेवून आडवा झालो, तेवढ्यात मोईन. वाशीमच्या दवाखान्यातून. धाकटी बहीण शाजिया बाळंत झाली, रक्त थांबत नाही. "मेसेज टाकला भौ, पन कोनीच फोन नाही करून राह्यलं. गेला का नाही?" हिरवी टिक आली का विचारलं. आली म्हणाला. मग गेलाच. लोक फोन बघत नाहीत, त्याला मी काय करू? वाट पाह्य म्हटलं. गट कोणता, ते विचारायचं राहिलं. तोच घाईत होता.

संध्याकाळ
अकोल्याहून पिशवी आली. उशिरा.
शाजिया गेली. मुलगी आहे, चांगली आहे.

१३ मार्च
राधिकाला फोनवर घेऊन तपासलं. पाच नंबरचं व्हर्जन आपोआप बसलं होतं. त्यात मोबाइल नंबराआधी ९१ नसेल तर मेसेज न पाठवता गुपचूप फेकून देतात. टिक तशीच येते. आमच्या एकाही नंबराला ९१ नाही. पॅकेजवाल्यांचा निव्वळ निष्काळजीपणा! त्यांना कडक इंग्रजीत लिहिलं. राधिका म्हणे, त्यांनी हा बदल आधीच जाहीर केलाय, म्हणून तर चारचं पाच केलं. ही काय शिकवायची वेळ आहे, म्हटलं. तिने फोन ठेवला.
व्हर्जन बांधलं. एका ओळीचं काम.

१६ मार्च
मोईनच्या घरी गेलो. चूक कोणाची, ते नीट समजावून सांगणार होतो. त्याने पूर्ण ऐकलंच नाही. "काढून टाक ते ॲप," एवढंच म्हणाला अन् बाहेर गेला.
त्याची आई, जैतुनबी चाची, बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बेटा, शाजियाचं ओ निगेटिव्ह. आपल्या मालेगावात कोनीच नवतं का त्या गटाचं?"
पाहावं लागेल, म्हणालो.
पाहायचं काही नव्हतं. मालेगावात त्या गटाचा एकच माणूस ॲपमध्ये आहे. मी. वाशीम गाडीवर किती लांब आहे?
चाची चहा ठेवायला उठल्या आणि बाळ माझ्याकडे दिलं.