देव तांदळात

शनि., ६ डिसेंबर
आज सकाळी पूजा आटोपल्यावर देवांना तांदळात ठेवून पाहिलं. सराव म्हणून. स्टीलच्या डब्यात अर्ध्यापर्यंत तांदूळ, त्यावर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, शाळिग्राम. वरून आणखी तांदूळ. झाकण लावलं. चहा होईपर्यंतही धीर निघाला नाही, परत बाहेर काढलं. बाळकृष्णाच्या गुडघ्याला एक दाणा चिकटला होता.

सुनंदा ओट्याशी उभी राहून बघत होती. "गुदमरले का हो?"

गावाला जाताना लोक देव असे धान्यात ठेवतात, त्यात दोष नाही. आमच्याकडे कुणी ठेवले नाहीत, एवढंच. मोर्शीकडच्या खेड्यात वडील एक रात्र घराबाहेर राहिले नाहीत. घरातले देव उपाशी राहता कामा नयेत, म्हणायचे. मी भोपाळला आलो तो हे बरोबर घेऊनच. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मिळून एकही रात्र कुठे गेलेलो नाही. एकानं जायचं, एकानं पूजा करायची. मुक्ताच्या पदवीदानाला पुण्याला सु. एकटी गेली. आपल्या आईबापांतला एकच कुठेही येतो, हे मुक्ताला लहानपणापासून पाठ.

आता शेजारच्या मिश्राजींनी देनवा नदीच्या काठी तंबूत राहायचं काढलंय. पचमढीच्या डोंगराखाली त्यांच्या मेव्हण्याचं शेत आहे. शेत संपलं की जंगल आणि नदी. दोन रात्री. सु. मला न विचारता हो म्हणाली. मला सांगितलं ते मटार सोलता सोलता. "मी जाणार आहे. तुमचं तुम्ही बघा."

भांडून म्हणाली असती तर सोपं होतं.

बुध., १०
कारखान्यातून येताना टी. टी. नगरला उतरलो. माकडटोप्या आणल्या. दोन.

सु.ने दुसरी टोपी उलटीसुलटी करून पाहिली. जेवताना तूप जास्त वाढलं.

शुक्र., १२. नदीकाठ
हात गारठलेत, तरी लिहून ठेवायला हवं.

सकाळी देव तांदळात ठेवले, डबा देवघरात ठेवला, नमस्कार केला. बूट घातले. बूट घातल्यावर वाटलं, एकदा बघावं. बूट काढले. स्वयंपाकघरात उजेड बरा म्हणून डबा ओट्यावर नेला, झाकण उघडलं, सगळे जागेवर. झाकण लावलं. तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न. मिश्राजी सामान न्यायला वर आले, "भाईसाहब, चावल का डिब्बा?" मी बूट बांधत होतो. "किचन में," म्हटलं.

पुढचा प्रवास छान. पुलावरून नर्मदामैयाला हात जोडले. सोहागपूरनंतर सागाचं जंगल, मग सालवृक्षांचं. जीप थांबली तिथून गोटे तुडवत खाली. नदी उथळ, हिरवी, सारखी बोलणारी. तंबू तिसऱ्या प्रयत्नात उभा राहिला. माझ्या बाजूचा खुंटा अजून तिरका आहे. चूल तीन दगडांची. मिश्रा भाभींनी डाळ धुतली, सु.ने तांदूळ घ्यायला डबा उघडला, हात घातला आणि तशीच थांबली.

"अहो."

तिच्या ओंजळीत तांदूळ आणि त्यात बाळकृष्ण.

मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. हसता हसता वाळूत बसली. मिश्राजी डब्यात डोकावले, "लो. इनका तो तंबू ही नहीं लगाया." भाभींनी पदर डोक्यावर घेतला आणि त्याही हसायला लागल्या. मला हसू येईना. देव जीपच्या मागे, स्टेपनीखाली, मोहरीच्या तेलाच्या बाटलीशेजारी. चार तास.

आणि दुसरा तांदूळ नाही. खाण्याच्या तांदळाचा डबा, असाच स्टीलचा, भोपाळला ओट्यावर राहिला.

मी म्हटलं, आपण नुसती डाळ पिऊ.

सु. म्हणाली, "अन्नपूर्णा माझ्या माहेरची आहे. ती रोज तांदळातच बसते. तिच्या वाटीतला जुना तांदूळ तुम्हीच मला भातात टाकायला देता ना? मग?"

सपाट दगड धुऊन देव मांडले. पहिला नैवेद्य त्यांना. खिचडीला धूर लागला होता आणि एका दाण्याला कुंकू. दोनदा घेतली.

शनि., १३
उजाडताना नदीवर पूजा. पाण्यावर वाफ. पलीकडच्या काठावर वानरांचा कळप, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं. अभिषेक वाहत्या पाण्यात करावा असं मनात आलं आणि तिथेच फसलो. बोटं बधिर झालेली. बाळकृष्ण निसटला. गोटेच गोटे, सगळे त्याच्याएवढे.

मी नुसता उभा. तोंडातून मंत्रही निघेना. सु.ने साडी खोचली, गुडघाभर पाण्यात शिरली, वाकून चाचपत राहिली. थंडीने ओठ निळे. बऱ्याच वेळाने मूठ वर काढली.

"सापडला. घाबरता काय? याला नदीची सवय आहे."

मी तिचे पाय टॉवेलने कोरडे केले. मिश्राजींनी पाहिलं, पाहू दे.

दिवसभर काही केलं नाही. काटक्या गोळा केल्या. पाण्याचा आवाज ऐकत सु. उन्हात झोपली. तिला दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रवि., १४. घरी
देव देवघरात, तांदूळ ओट्यावर. सगळं ठीक. मला समाधान वाटलं, तसं बोलूनही दाखवलं की बघ, झालं ना जाणं, काही बिघडलं नाही.

सु. तंबूतली वाळू झटकत होती. "तुम्ही कुठे गेलात? देवघर गेलं. तुम्ही त्याच्यासोबत गेलात."

संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात.

मंगळ., ३०
मिश्राजी जानेवारीत पुन्हा नदीवर जाताहेत. "इस बार चावल मैं खरीदूँगा, करोंद मंडी से, भगवान की गारंटी के बिना."

सु. मटार सोलत होती. मीही थोडे सोलले.

शुक्र., ९ जानेवारी
डबा देवघरात. झाकण एकदाच लावलं. बूट घातल्यावर आत गेलो नाही, पण दारात बराच वेळ घालवला. जिन्यात सु.ने विचारलं, "पिशवीत कुणी नाही ना?"

"नाही."

तरी तिने पिशवी चाचपून पाहिली.

शनि., १० जाने. नदीकाठ
सवयीने अंधारात उठलो. नदीत बुडी मारली, अंग पुसलं, सपाट दगडाशी जाऊन बसलो. तो तिथेच होता. हात रिकामे. काय करायचं ते कळेना. घरी यावेळी घंटा वाजते. आज वाजणार नाही. देव रागावले असतील का, वडील काय म्हणाले असते, माहीत नाही. उद्या रात्री झाकण उघडल्यावर तरी कळेल का, तेही माहीत नाही.

मग चूल पेटवली. नदीचं पाणी आणलं, आलं ठेचलं, चहा केला. पेला त्या दगडावर ठेवला आणि तंबूपाशी जाऊन सु.ला हाक मारली.